उणे चाळीस अंशांतली आगोट

मे महिना सरत आला की गिरगावातल्या चाळींच्या गच्च्यांवर एके काळी पाय ठेवायला जागा नसे. जुनी धोतरं आणि लुगडी अंथरून त्यांवर पापड, कुरडया, सांडगे, फेण्या वाळत घातलेल्या असत आणि कावळे हाकलायला शाळेची सुट्टी लागलेली पोरं बसवलेली असत. लालबाग-परळच्या गिरणगावात याच दिवसांत मिरच्यांचा खकाणा उठे, वर्षभराचा मसाला कुटून बरण्यांत भरला जाई. कोकणातून आलेल्या बिऱ्हाडांत सुके बोंबील, सोडे, जवळा यांचे डबे घट्ट झाकण लावून फळीवर चढत. या साऱ्या खटाटोपाला आपल्याकडे एक नेमका शब्द आहे, आगोट. मृगाचा पहिला पाऊस पडायच्या आत घरात आणून ठेवायची, पावसाळाभर पुरवायची शिधासामग्री.

आता गच्च्या उरल्या नाहीत आणि वाळवणं घालायला वेळही नाही. दादरच्या एखाद्या टॉवरमधलं, दोघंही नोकरी करणारं जोडपं जूनच्या तोंडावर आगोट करतं ती फ्रीझरमध्ये. मटारच्या पिशव्या, अर्धवट भाजलेले पराठे, खोबऱ्याचं वाटण, राजमा-छोल्यांचे डबे आणि १ जूनला मासेमारी बंद व्हायच्या आत आणून, साफ करून ठेवलेल्या सुरमईच्या तुकड्या. हिंदमाताला पाणी भरलं, लोकल थांबल्या, रात्री उशिरा भिजून घरी पोहोचलं, तरी डबा काढून गरम केला की काम झालं.

या सोयीमागे एका माणसाचं नाव जगभर घेतलं जातं, क्लॅरेन्स बर्ड्सआय. त्याची गोष्ट केवळ एका यंत्राच्या शोधाची नाही. वादळात आणि बर्फात जगापासून तुटलेल्या घरात, तान्ह्या बाळासाठी केलेल्या बेगमीतून ती सुरू होते. थंडी अन्नाचं काय करते आणि काय करत नाही, हेही तिच्यातून समजतं. पावसाळ्याआधी फ्रीझर भरणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असायला हवं.

किडे, उंदीर आणि गोचीड

क्लॅरेन्सचा जन्म ९ डिसेंबर १८८६ रोजी न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन भागात झाला. वडील वकील, घरात नऊ भावंडं, त्यांतला हा सहावा. लहानपणापासून त्याचा जीव रमे तो प्राण्या-पक्ष्यांत. मेलेल्या प्राण्यांच्या कातड्यात पेंढा भरून ते जिवंत भासतील असे उभे करण्याची कला त्याने शाळकरी वयातच आपली आपण शिकून घेतली. शाळेत असताना त्याने स्वयंपाकाच्या वर्गात नाव घातलं. त्या काळच्या मुलाने असं करणं विरळाच. निसर्ग आणि स्वयंपाकघर या दोन आवडींची पुढे एक दिवस गाठ पडणार होती.

ॲमहर्स्ट कॉलेजात तो जीवशास्त्र शिकायला गेला. तिथे मुलांनी त्याचं नाव किड्यांवरून पाडलं होतं. फीचे पैसे उभे करायला त्याने प्राणिसंग्रहालयातल्या सापांसाठी बेडूक पकडून विकले, एका संशोधकाला उंदीर पुरवले. पण घरची परिस्थिती खालावत गेली आणि पदवी न घेताच त्याला कॉलेज सोडावं लागलं.

पोटापाण्यासाठी तो अमेरिकी सरकारच्या वन्यजीव पाहणी खात्यात लागला. १९१० आणि १९११ साली खात्याने त्याला माँटाना राज्यातल्या बिटररूट खोऱ्यात पाठवलं. तिथे गोचिडीच्या चाव्यातून पसरणाऱ्या एका ठिपक्यांच्या तापाने माणसं दगावत होती. प्रतिजैविकं निघायला अजून कितीतरी वर्षं होती. रानातले छोटे प्राणी पकडायचे, त्यांच्या अंगावरच्या गोचिडी वेचायच्या आणि अभ्यासासाठी द्यायच्या, हे बर्ड्सआयचं काम. प्रत्येक वेचणीत जिवाचा धोका होता. त्या अभ्यासातून रोगाचा प्रसार कसा होतो हे समजायला मदत झाली. दिसेल ते मोजायचं आणि लिहून ठेवायचं, ही सवय त्याला या दिवसांत पक्की लागली.

आणखी एक सवय होती, समोर येईल ते चाखून बघण्याची. उंदीर, साप, रानमांजर यांपैकी त्याने काहीच वर्ज्य मानलं नाही. घरी पाठवलेल्या पत्रांत आणि रोजनिशीत जेवणाची वर्णनं भरलेली असत. असा माणूस पुढे अन्न टिकवण्याच्या मागे लागला, यात नवल नाही.

लॅब्रडॉरचा हिवाळा

१९१२ साली तो कॅनडाच्या ईशान्य टोकाला, लॅब्रडॉरच्या किनाऱ्यावर पोहोचला. तिथल्या कोळी वस्त्यांत बोटीने फिरून दवाखाना चालवणारे विल्फ्रेड ग्रेनफेल नावाचे डॉक्टर होते, त्यांच्याबरोबर त्याचा पहिला प्रवास झाला. मग कोल्ह्यांच्या कातड्यांच्या व्यापारात पैसा आहे हे हेरून तो तिथेच राहिला. १९१५ मध्ये एलिनॉर गॅनेट हिच्याशी त्याचं लग्न झालं आणि पुढच्या वर्षी केलॉग हा मुलगा. बाळ अवघं पाच आठवड्यांचं असताना ही दोघं त्याला घेऊन लॅब्रडॉरला परतली.

आपल्याकडे पावसाळ्यात चार दिवस भाजी येत नाही तर हाल होतात. लॅब्रडॉरचा हिवाळा महिनोन् महिने चालायचा. समुद्र गोठला की बोटी बंद. हिमवादळं सुरू झाली की कुत्र्यांच्या गाड्याही बंद. गावकरी खारवलेला मासा, वाळलेलं मांस आणि डब्यांतलं अन्न यांवर दिवस काढत. ताज्या भाजीचं नाव नाही. घरात बाळंतीण आणि तान्हं मूल. बर्ड्सआयसमोरचा प्रश्न आपल्या आज्या-पणज्यांच्या प्रश्नासारखाच होता: वाट बंद झाल्यावर घरात चांगलंचुंगलं काय असेल?

उत्तर त्याला तिथल्या इनुइट लोकांकडे मिळालं. बर्फाला भोक पाडून ते मासे पकडत. हवा उणे ४० अंशांपर्यंत उतरलेली आणि वर बोचरा वारा. पाण्याबाहेर आलेला मासा पाहता पाहता कडक होई. हाच मासा काही महिन्यांनी पाण्यात टाकून पघळवला आणि शिजवला, तर चव जवळपास ताज्यासारखी. बर्ड्सआयला आणखी एक गोष्ट दिसली. ऐन कडाक्यात गोठवलेलं मांस छान लागे, पण हिवाळ्याच्या सुरुवातीला किंवा शेवटी, थंडी जरा कमी असताना गोठलेलं मांस भुसभुशीत आणि बेचव होई. मांस तेच, गोठलेलंही दोन्ही वेळा. मग फरक कशाने पडतो? फरक वेगाने पडत होता. कडाक्याच्या थंडीत ते झटकन गोठे आणि सौम्य थंडीत सावकाश.

मग त्याने घरी प्रयोग मांडला. बोटींची वाट बंद व्हायच्या आत कोबी आणला, एका पिंपात कोबीचा थर, त्यावर मिठाचं पाणी असं करत थर भराभर गोठू दिले. लागेल तसा कोबी त्यातून काढून शिजवायचा. त्या हिवाळ्यात त्याच्या घरी हिरवी भाजी होती. जगभरच्या फ्रीझरची मुळं शोधत गेलं तर ती या पिंपापर्यंत जातात. आणि ते पिंप म्हणजे आपल्या भाषेत आगोटच.

यात श्रेयाचा एक मुद्दा आहे. अन्न गोठवण्याची कल्पना बर्ड्सआयची नव्हती. इनुइट लोक पिढ्यान् पिढ्या ते करत आले होते, युरोपातही प्रयोग झाले होते आणि अमेरिकेत गोठवलेली मासळी विकली जात होती. तो स्वतःही पहिलेपणाचा दावा करत नसे. त्याने इनुइट लोकांचं शहाणपण नीट पाहिलं आणि त्यामागचं कारण ओळखून ते यंत्रात उतरवलं. त्याचं कर्तृत्व एवढं, आणि ते पुरेसं मोठं आहे.

स्फटिक लहान की मोठे

ते कारण समजून घेऊ. भाजी असो वा मासळी, तिचा बहुतेक भाग पाणीच असतो आणि ते पेशींत भरलेलं असतं. तापमान शून्याच्या खाली जाऊन साधारण उणे ५ अंशांपर्यंत उतरताना यातल्या बऱ्याच पाण्याचा बर्फ होतो. हा टप्पा रेंगाळत पार पडला तर बर्फाचे स्फटिक थोडेच तयार होतात, पण वाढत वाढत मोठे आणि टोकदार होतात. ते पेशींच्या भिंती फाडतात. मग मासा पघळला की ताटलीत पाणी साचतं, तुकडा लिबलिबीत होतो, आणि त्या पाण्याबरोबर चव आणि काही पोषक घटकही वाहून जातात. हाच टप्पा भरभर ओलांडला तर असंख्य बारीक स्फटिक तयार होतात आणि पेशी बऱ्याच अंशी शाबूत राहतात.

अन्न टिकतं ते मात्र दुसऱ्या कारणाने. जिवाणूंना वाढायला द्रवरूप पाणी आणि ऊब लागते. उणे १८ अंश सेल्सिअसला दोन्ही मिळत नाही, म्हणून त्यांची वाढ थांबते. ती थांबते, जिवाणू मरत नाहीत. पुष्कळसे जिवाणू बर्फात निपचित पडून राहतात आणि ऊब मिळताच कामाला लागतात; बरेच विषाणूही बर्फात टिकून राहतात. ही गोष्ट बर्ड्सआयलाही धंद्यात सतत सांभाळावी लागली. गोठवण्यासाठी तो ताज्यातली ताजी मासळी निवडे आणि स्वच्छतेबाबत काटेकोर असे. शिळं झालेलं अन्न फ्रीझरमध्ये टाकून ताजं होत नाही. ज्या अवस्थेत ते आत गेलं, त्याच अवस्थेत ते बाहेर येतं.

सात डॉलर आणि दिवाळं

पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली त्या वर्षी, १९१७ मध्ये, हे कुटुंब मायदेशी परतलं. काही वर्षं नोकऱ्या करून बर्ड्सआयने आपला जुना प्रयोग पुन्हा हाती घेतला. विजेचा एक पंखा, मिठाच्या पाण्याच्या बादल्या आणि बर्फाच्या लाद्या एवढ्या सामानावर, जेमतेम सात डॉलर खर्चून त्याने सुरुवात केली असं सांगतात. १९२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कंपनी काढून तो गोठवलेली मासळी विकू लागला. दुसऱ्याच वर्षी कंपनीचं दिवाळं निघालं.

मालात खोट नव्हती. पण तो ठेवायचा कुठे? दुकानांत गोठलेला माल ठेवायची पेटी नव्हती. रेल्वेचे डबे उणे तापमान राखू शकत नव्हते. घरोघरी तर बर्फाची लादी ठेवायची लाकडी कपाटंच होती. गिऱ्हाइकांच्या मनातही गोठलेली मासळी म्हणजे खराब व्हायला आलेली, वास झाकायला गोठवलेली, असं पक्कं बसलं होतं. कारखान्यापासून ताटापर्यंतच्या साखळीत एकही कडी निसटली तर बाकीची मेहनत पाण्यात जाते, हे बर्ड्सआय दिवाळं काढून शिकला.

तो मागे हटला नाही. आयुर्विम्याच्या पॉलिसीवर पैसे उभे केले, भागीदार मिळवले आणि १९२५ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ग्लॉस्टर या मच्छीमार बंदरात नवी कंपनी थाटली. मुंबईला हा किनारा अगदीच परका नाही. त्याच्या जवळपास शंभर वर्षं आधी, १८३०च्या दशकात, याच राज्यातल्या बोस्टनहून गोठलेल्या तळ्यांचा बर्फ लाकडाच्या भुशात गुंडाळून जहाजांनी मुंबईला येऊ लागला होता आणि फोर्टात त्यासाठी खास बर्फघर बांधलं गेलं होतं. त्या बर्फाने साहेबलोकांची आणि धनिक शेटियांची सरबतं गार केली. पण शून्य अंशाच्या बर्फाने अन्न महिनोन् महिने टिकत नाही. त्यासाठी त्याच्या कितीतरी खाली जावं लागतं.

ग्लॉस्टरमध्ये बर्ड्सआयने तेच यंत्राने साधलं. पुठ्ठ्याच्या चपट्या खोक्यांत मासळीचे तुकडे भरायचे आणि खोकी कमालीच्या थंड केलेल्या धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये दाबायची. पुढे पट्ट्यांच्या जागी एकावर एक रचलेले पोकळ धातूचे तवे आले. खोकी जेमतेम दोन इंच जाडीची. थंडी वरून आणि खालून एकाच वेळी भिडे, म्हणून खोकं आतपर्यंत लवकर गोठे. लॅब्रडॉरचा वारा त्याने दोन पत्र्यांमध्ये बसवला होता.

१९२९च्या उन्हाळ्यात एका बड्या खाद्यपदार्थ कंपनीने आणि गुंतवणूकदारांनी हा सारा धंदा पेटंटांसह २ कोटी २० लाख डॉलरना विकत घेतला. काही महिन्यांतच अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला. बर्ड्सआयचं नशीब बलवत्तर म्हणायचं. नव्या मालकांनी ६ मार्च १९३० रोजी स्प्रिंगफील्ड शहरातल्या १८ दुकानांत खास पेट्या बसवून गोठवलेली मासळी, मांस, वाटाणे, पालक, फळं विकायला ठेवली. लोकांना माल आवडला, तरी साखळी पुरी व्हायला आणखी पंधराएक वर्षं गेली. स्वस्त पेट्या, थंड राहणारे रेल्वेचे डबे, घरगुती फ्रीझर असं एकेक जुळत गेलं. दुसऱ्या महायुद्धात डबे बनवायच्या पत्र्याची टंचाई झाली, तेव्हा लोक गोठवलेल्या अन्नाकडे खऱ्या अर्थाने वळले.

शेवटी पुन्हा वाळवण

श्रीमंत झालेला माणूस स्वस्थ बसला असता. बर्ड्सआयने दिव्यांची कंपनी काढली, आतून चकाकी दिलेले आणि उष्णता देणारे दिवे केले. देवमासे मारण्याचं हलकं हत्यार बनवलं. पत्नीबरोबर रानफुलांच्या लागवडीवर पुस्तक लिहिलं, ते १९५१ मध्ये निघालं. देशोदेशीची मिळून त्याच्या नावावर सुमारे ३०० पेटंटं होती.

यांतला एक उद्योग आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. १९४०च्या दशकात हा गोठवण्याचा बादशहा अन्न वाळवण्याच्या मागे लागला. भाज्यांमधलं पाणी झपाट्याने काढून टाकायचं, म्हणजे त्या चव राखून, फ्रीझरशिवाय टिकतील, अशी त्याची पद्धत होती. इथेही त्याने भर दिला तो वेगावर. गोठवण्याला अखंड थंडी लागते. वाळवलेल्या अन्नाला कोरडा, घट्ट झाकणाचा डबा पुरतो. गोठवण्यात पाण्याचा बर्फ करून ते जिवाणूंना नाकारायचं आणि वाळवण्यात पाणीच काढून टाकायचं. गिरगावच्या गच्चीवरची सांडगे-पापडांची आगोट याच तत्त्वावर चालत होती. बर्ड्सआय उतारवयात फिरून तिथेच आला.

१९५३ मध्ये तो पेरू देशात गेला आणि उसाच्या चिपाडापासून कागदाचा लगदा करण्याच्या प्रयोगांत गुंतला. तिथल्या उंचीचा हृदयाला त्रास झाला असं मानलं जातं. ७ ऑक्टोबर १९५६ रोजी न्यूयॉर्कमध्ये हृदयविकाराने त्याचं निधन झालं, तेव्हा तो ६९ वर्षांचा होता. त्याची रक्षा ग्लॉस्टरच्या समुद्रात सोडण्यात आली.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५८ मध्ये, गोदरेजने भारतीय कंपनीने बनवलेला पहिला फ्रिज बाजारात आणला. लालबागमधल्या एका शेडमध्ये १८९७ साली कुलपं बनवण्यापासून सुरू झालेला हा उद्योग तोवर विक्रोळीला पोहोचला होता. ज्या लालबागेत सुक्या मासळीचे डबे फळीवर चढत, तिथे फ्रिज यायला पुढे बरीच वर्षं लागली. पण साखळीची शेवटची कडी आपल्या घरापर्यंत आली होती.

पावसाळ्याआधी आपल्या फ्रीझरचं काय?

ही साखळी मुंबईत आपण गृहीत धरतो, कारण शहरात वीज सहसा जात नाही. पण १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी पुरवठ्याच्या जाळ्यात बिघाड झाला आणि सारी मुंबई काही तास अंधारात गेली. त्याच वर्षी ५ ऑगस्टला कुलाब्याला ताशी १०० किलोमीटरहून जोराचे वारे सुटले होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि अनेक वस्त्यांत पाणी ओसरून वीज येईपर्यंत दिवस गेले. योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकेने आपल्या संशोधकांच्या सन्मानयादीत बर्ड्सआयचं नाव घातलं.

तेव्हा फ्रीझर भरताना त्याच्या आयुष्यातले तीन धडे ध्यानात ठेवावेत. पहिला धडा वेगाचा. राजम्याचा गरम टोप तसाच आत ढकलू नये. तो तासन् तास कोमट राहतो आणि शेजारचं अन्नही पघळवतो. शिजवलेलं अन्न उथळ ताटांत पसरून लवकर निववावं, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावं. भाताच्या बाबतीत तर हयगय नकोच. तांदळातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भातात वाढून ते असं विष तयार करतात, की पुन्हा गरम करूनही ते नष्ट होत नाही. गोठवताना मोठ्या डब्यांऐवजी एका वेळेपुरत्या चपट्या पिशव्या कराव्यात. हवा काढून, बोटभर जाडीच्या, वर तारीख लिहिलेल्या. बर्ड्सआयचं दोन इंची खोकं आठवावं. मटार आधी मिनिटभर उकळत्या पाण्यात काढून गार पाण्यात टाकले तर रंग आणि चव टिकते. उसळी, डाळी, वाटण, पराठे, खिमा चांगले राहतात. बटाट्याचा रस्सा रवाळ होतो, काकडी आणि कच्च्या कोशिंबिरी पाणी सोडतात.

दुसरा धडा असा की थंडी मारत नाही. मासळी आणावी ती ताजी, धुऊन लगेच गोठवावी. पघळवावी ती फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, खाली ताटली ठेवून, ओट्यावर रात्रभर नव्हे. शिजवलेलं अन्न पुन्हा गरम करताना मधोमध वाफ येईपर्यंत तापवावं. ओट्यावर पघळलेलं अन्न पुन्हा गोठवू नये. एकदारी छोट्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा बहुधा उणे १८ अंशांपर्यंत जात नाही. त्यात महिन्याची नाही, फार तर काही दिवसांची बेगमी करावी.

तिसरा धडा साखळीचा. वीज गेली की फ्रिज उघडून बघायचा मोह आवरावा. दार बंद राहिलं तर गच्च भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास, अर्धा भरलेला सुमारे २४ तास थंडी धरतो. खालचा फ्रिज मात्र चारच तास. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवाव्यात, पण काठोकाठ भरू नयेत. वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणं ठेवावं. बाहेरगावाहून परतल्यावर नाणं वरच असेल तर ठीक, ते तळाशी गेलेलं असेल तर मधल्या काळात सारं पघळून पुन्हा गोठलं, हे ओळखावं आणि मासळी-मांस, शिजवलेलं अन्न टाकून द्यावं. बर्फाचे कण अजून दिसत असतील आणि अन्न फ्रिजइतकं गार असेल, तर ते शिजवून खाता येतं. वास आणि चव यांवर विसंबू नये. आजारी पाडणारे सगळे जिवाणू वास सोडत नाहीत. तळमजल्याच्या घरात पाणी शिरून फ्रिजपर्यंत पोहोचलं, तर ज्या अन्नाला ते लागलं ते पिशवीबंद असलं तरी टाकावं. त्या पाण्यात गटाराची घाण आणि लेप्टोचे जंतू असू शकतात.

आणि याच कारणाने फळीवरच्या डब्यांना अजून सुट्टी देऊ नये. पोहे, कुरमुरे, भाजलेली डाळ, मेतकूट, पापड, सुका जवळा यांना ना वीज लागते ना बर्फ. आठवडाभराची सोय फ्रीझरमध्ये असावी आणि दोन-तीन दिवसांची कोरड्या डब्यांत. गिरगावच्या आजीला लॅब्रडॉर कुठे आहे हे ठाऊक नव्हतं, पण वाट बंद होईल तेव्हा घरात काय असावं, हे तिला नेमकं कळत होतं.